भिंतीला कळता कामा नये

आमचे घरमालक कानांनी ऐकत नसत, भिंतीतून ऐकत. भिवंडीच्या नारपोलीतल्या त्या एकमजली घरात खाली ते एकटे राहायचे आणि वर भाड्यानं आई आणि मी. आईनं वर पाटा-वरवंटा काढला की खालून त्यांचा तळहात भिंतीला लागायचा. संध्याकाळी जिन्यात भेटले की विचारायचे, "आज चटणी खोबऱ्याची व्हती का? वरवंटा हलका फिरत व्हता." आणि चटणी खरंच खोबऱ्याची असायची. आई सुरुवातीला घाबरली होती. मग तिला त्याची इतकी सवय झाली की भाजीत मीठ कमी पडलं तरी म्हणायची, "विचार खाली, त्यांना कळलं असेल."

बहिरे हा शब्द त्यांना चालत नसे. "कान रिटायर झाले," असं म्हणायचे. समोरच्याचं बोलणं ते ओठांवरून ओळखायचे. मी त्यांना चाचा म्हणायची. त्यांचं घराणं इथलं जुनं, पण स्वतःचे माग कधी नव्हते. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या कारखान्यात नोकरी केली. आधी साध्या लूमवर, मग एअरजेटच्या कंप्रेसर रूममध्ये. एअरजेट म्हणजे ज्या मागात धोटा नसतो, आडवा धागा हवेच्या फटक्यानं या टोकापासून त्या टोकाला फेकला जातो. ती हवा बनवायची आणि राखायची ड्युटी चाचांची. हवेतून तेलाचा एक थेंब जरी आला तरी कापडावर डाग पडतो, आणि डाग पडला की अख्खा ताका 'सेकंड'. बिनडागाचा तो 'फ्रेश'. या दोन शब्दांत त्यांनी सगळं जग बसवलं होतं. आंबे, रिक्षावाले, जावई, हिवाळा, सगळ्यांचा निकाल एका शब्दात लागायचा. माझ्या कामावरचा मॅनेजर त्यांनी न पाहताच सेकंड ठरवला होता, आणि खरं सांगायचं तर तिथे त्यांचं काही चुकलं नव्हतं.

घराच्या मागचा कारखाना बंद पडून तिथे गोदाम झालं, तेव्हापासून त्यांची भिंत पहिल्यांदा शांत झाली होती. त्या शांततेवर त्यांचा फार जीव. जन्मभर हादरे खाल्लेल्या माणसाला स्थिर भिंत म्हणजे काय वाटत असेल, ते मला उशिरा कळलं. भाड्यानं घर देताना त्यांनी ना माझी जात विचारली ना पगार. एकच विचारलं, "मशीन काय काय हाय घरात?"

तेव्हा नव्हतं काही. पण मला एक नाद होता, आणि तो वाढत चालला होता.

मी शेलार गावाकडच्या एका गोदामात माल उतरवून घेण्याचं काम करते. दिवसभर दारात ट्रक लागतात. कुणाच्या केबिनवर मोर, कुणाच्या मागे गोंडे. घरी येऊन मी तेच ट्रक वीतभर आकारात बनवायची, प्लास्टिकच्या पातळ पत्र्याचे, पुठ्ठ्याचे, जुन्या पेनांच्या नळ्यांचे. लोक हसायचे. हसू देत. पण एका गोष्टीपाशी मी अडून बसले होते. ट्रकच्या केबिनवर केशरी रंग वरून खाली उतरत उतरत पिवळ्यात विरघळतो. केशरी कुठे संपला हे दाखवता येत नाही. ब्रशनं ते जमेना. कितीही हळू हात चालवला तरी मध्ये रेघ उमटायचीच. त्याला एअरब्रशच लागतो, म्हणजे पेनाएवढी पिचकारी. हवेच्या जोरावर ती रंगाचं धुकं सोडते. पिचकारी आणणं सोपं होतं. तिला हवा पुरवणारा कंप्रेसर हेच खरं दुखणं होतं.

पहिला मी ऑनलाइन मागवला, जेवणाच्या डब्याएवढा. बटण दाबलं तर तो फरशीवर चालायलाच लागला. मी त्याला पायानं दाबून धरलं, तोच दारावर थाप पडली. चाचा उभे. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, उजवा तळहात समोर उघडा धरलेला.

"वरती काय चालू हाय?"

"मिक्सर," मी म्हणाले.

"मिक्सर असा न्हाय चालत. पिस्टनची मशीन हाय. छोटी हाय. टाकी न्हाय तिला." मग तळहाताकडे बघत, "आन एक पाय आखूड हाय."

मी मुकाट्यानं मशीन दाखवली. त्यांनी ती उलटी केली. चार रबरी पायांतला एक खरंच झिजल्यासारखा होता. चाचांच्या चेहऱ्यावर रागाचा पत्ता नव्हता. ते खाली बसले, पिचकारीच्या तोंडाशी बोट धरलं आणि म्हणाले, "बघ, हवा धक्के देतेय. टाकी न्हाय ना, म्हणून. पिस्टन खाली-वर, तशी हवा खाली-वर. रंग ठिपक्या-ठिपक्यांनी पडत असंल तुझा." मी पुठ्ठ्यावर मारून पाहिला. खरंच ठिपकेच पडले.

मग ते उठले, ताठ उभे राहिले. "घरमालक म्हणून सांगतो, ही मशीन या घरात चालणार न्हाय." एवढं बोलून त्यांनी गळ्याचं बटण सोडलं. "आन मिस्त्री म्हणून सांगतो, ही कुठंच चालणार न्हाय. सेकंड हाय."

ही त्यांची दोन रूपं पुढे मी पाहतच राहिले. घरमालक म्हणून यायचे तेव्हा दार वाजवायचे, बटणं लावलेली असायची, मला 'तुम्ही' म्हणायचे. मिस्त्री म्हणून यायचे ते बनियनवर, दार न वाजवता, 'पोरी' अशी हाक मारत. एकदा तर घरमालकानं दार वाजवलं, अमुक खिळा भिंतीत ठोकू नका म्हणून सांगितलं, खाली गेले, आणि दोन मिनिटांत मिस्त्री खिळा कुठे ठोकायचा ते दाखवायला वर आले.

त्या पहिल्या मशीनच्या दिवशी घरमालक आणि मिस्त्री, दोघांनी मिळून अट घातली. मशीन आणायची तर आण, पण भिंतीला कळता कामा नये. "मी खाली हात लावून बसणार. तू कंदी लावणार ते सांगायचं न्हाय. मला कळलं, तर मशीन बाहेर. न्हाय कळलं, तर राहू दे जन्मभर."

मग आमचा शोध सुरू झाला. रविवारची सकाळ कधी उजाडते असं मला व्हायचं. चाचांच्या खिशात मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडाचा हातरुमालाएवढा तुकडा असायचा. बाजारात टायरवाल्यांसाठी मोठे कंप्रेसर विकणारं दुकान होतं. तिथे गेल्या गेल्या त्यांनी एक मशीन चालू करायला लावली, हवेच्या तोंडाशी कापड धरलं, आकडे मोजावेत तसे ओठ हलवले, मग कापड उजेडात धरलं आणि हुंगलं. मध्ये पिवळट ठिपका होता. "तेल." दुकानदार म्हणाला, "अहो चाचा, तेलाची मशीन आहे, थोडं तेल येणारच." चाचा म्हणाले, "मग टायरमधी भर. हिच्या रंगात तेल गेलं तर रंग धरणार न्हाय, माशाच्या डोळ्यासारखी भोकं पडतील." मला वाटलं, या माणसानं आयुष्यात एअरब्रश पाहिलेला नाही आणि याला हे ठाऊक आहे.

एकानं फ्रिजचा कंप्रेसर सुचवला. आवाज नाही, हादरा नाही. माझं मन तिकडे ओढलं गेलं. चाचा मान हलवत राहिले. "गप हाय, पण तेल पितो. गप माणसावर इतका भरोसा न्हाय ठेवायचा."

आणि मग एका रविवारी, रिक्षाची वाट बघताना ते एकदम थांबले. माझा दंड धरून म्हणाले, "पोरी, हवा माणसाच्या तोंडात कोण सोडतो?"

उत्तरही त्यांनीच दिलं.

"दातांचा डॉक्टर. तोंडात तेल सोडंल काय तो? आन पेशंटच्या कानाशी मशीन बोंबलली तर पेशंट पळून जाईल. बिनतेलाची, बिनआवाजाची, टाकीवाली. आपली मशीन दवाखान्यात हाय, आन आपण टायरवाल्याकडं शोधतोय."

रस्त्यात मी अक्षरशः टाळी वाजवली.

खारबावला एक दातांचे डॉक्टर दुसरी खुर्ची घेत होते, त्यांनी मोठी मशीन बसवली होती, जुनी विकायची होती. आम्ही गेलो. दाराशी चपला काढून आत शिरलो तर खुर्चीत एक बाई तोंड उघडून बसलेल्या. चाचा सरळ मशीनकडे गेले. पांढरी, बुटकी, खाली टाकी. त्यांनी कापड धरलं. कापड कोरं राहिलं. टाकी भरू दिली, नळ बंद केला आणि डॉक्टरांना म्हणाले, "आता काटा किती खाली येतो ते पाहू. तुम्ही तुमचं काम करा." मग त्यांनी पिशवीतून दाढीचा ब्रश आणि साबण काढला, वाटीत फेस केला आणि मशीनच्या एकेका जोडावर लावू लागले. कुठून हवा सुटत असेल तर फेसाला बुडबुडा येतो. बाईंचं तोंड उघडं, डोळे चाचांवर. डॉक्टरांच्या हातातलं यंत्र बंद, डोळे चाचांवर. पंधरा मिनिटं दवाखाना ठप्प. काटा हलला नाही. फक्त एका जोडाला बारीक बुडबुडा आला, तो चाचांनी पान्यानं आवळून घालवला.

"फ्रेश," ते म्हणाले. बाईंनीही तोंड मिटलं.

रिक्षात मशीन आमच्या दोघांच्या मध्ये बसली होती, मी तिच्यावर हात टाकून. इतका आनंद मला पहिल्या पगारालाही झाला नव्हता. नारपोलीला उतरलो, आणि मला दिसलं की चाचांच्या उजव्या पायात चप्पल नाही.

"चाचा, चप्पल?"

त्यांनी खाली पाहिलं, दुसऱ्या कुणाचा पाय पाहावा तसं. दवाखान्यातून निघताना एकच चप्पल घातली होती, आणि तापलेल्या डांबरावरून रिक्षापर्यंत मशीन उचलत आले होते. टाच भाजून लाल झाली होती.

"दुखत नाही?"

"न्हाय." पायरीवर बसत ते म्हणाले, "शुगर. पायांना कळायचं बंद झालंय. डॉक्टर बोलला, पयलं पाय, मग हात." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाय गेले तर गेले. पायानं काय ऐकायचंय मला? हात न्हाय गेला पायजे, बास."

मी त्यांच्या टाचेला मलम लावलं. पाच मिनिटांनी ते विचारत होते, "तुझ्या आईकडं जादाचा माठ हाय का?"

आईकडे एकच माठ होता आणि तो गेला. कारण भिवंडीची हवा दमट. टाकीत दाबलेली गरम हवा नळीत गार झाली की तिचं पाणी होतं, आणि ते नेमकं रंग मारताना पिचकारीतून थुंकल्यासारखं उडतं. चाचांनी तांब्याच्या नळीचं वेटोळं केलं आणि पाण्यानं भरलेल्या माठात बुडवलं. "हवेला इथंच गार करायची. जे पाणी व्हायचं ते इथं व्हायचं, मग गाळणीत पकडायचं. तुझ्या ट्रकवर न्हाय." माठानंतर गाळणी, गाळणीनंतर दाब कमी-जास्त करायचा काटा, मग पिचकारी. टाकीचं पाणी रोज खालच्या नळानं सोडायचं. तेव्हापासून रोज भेटल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "पाणी सोडलं?" आई फ्रिजचं पाणी पीत म्हणायची, "माझा माठ गेला, आणि हे दोघं हवा गार करतायत."

भिंतीची व्यवस्था त्यांनी स्वतःच्या हातानं केली. लूमच्या पायाखाली घालतात तो नमदा, म्हणजे जाड फेल्ट, त्याचे तुकडे. त्यावर थोडी हवा भरलेली स्कूटरची ट्यूब. त्यावर एक जड कडप्पा. कडप्प्यावर मशीन. आणि भिंतीपासून चार बोटं लांब. "कोपऱ्यात ढकलू नको. लोकांना वाटतं कोपऱ्यात गेलं की आवाज कमी. उलट हाय, भिंत सगळं बोलून दाखवते."

आता त्यांची एक फजितीही सांगते, नाहीतर मी त्यांना संत केल्यासारखं होईल. पहिल्या दिवशी दाब त्यांनी लावला. मी म्हणाले, व्हिडिओत वीस पीएसआय सांगतात. ते म्हणाले, "पीएसआय टायरवाल्यांचं. आपलं किलोत." आणि काटा सहा किलोवर नेला, कारण एअरजेटला तेवढा लागतो. मी पिचकारीचा खटका दाबला. रंग केबिनवर बसला नाही, कोळ्याच्या पायांसारखा चहूकडे पळाला, आरसा उडाला, आणि अख्खा ट्रक टेबलावरून घरंगळत थेट माठात. चाचांनी माठात हात घालून ट्रक बाहेर काढला. मग म्हणाले, "इथं धागा न्हाय फेकायचा, न्हाय का?"

"नाही चाचा. इथे नुसती हवा सोडायची."

"दीड किलो बास," ते म्हणाले, म्हणजे माझे वीस पीएसआयच, आणि स्वतःवरच इतके हसले की आईनं त्यांना पाणी आणून दिलं.

परीक्षेचा रविवार आला. दुपारी घरमालक बटणं लावून खाली भिंतीशी बसले, उजवा तळहात भिंतीवर. आई जिन्यातून त्यांच्या उघड्या दारातून बघत होती आणि मला खुणा करत होती. मी मशीन लावली. मोटर थांबू नये म्हणून पिचकारीतून हवा सोडत पुठ्ठ्यावर रेघा मारत बसले. दहा मिनिटं. वीस मिनिटं. आई वर येऊन कुजबुजली, "डोळे मिटून बसलेत. काहीच नाही." अर्धा तास झाला तेव्हा जिन्यात पावलं वाजली.

"अगं, लावणार कंदी? माझ्या नमाजाची वेळ झाली."

"चाचा, अर्धा तास झाला. चालूच आहे."

मी उड्या मारायची तेवढी बाकी होते. तेही हसले, मान डोलावत जवळ आले, आणि शाबासकी द्यावी तसा उजवा तळहात थेट टाकीवर ठेवला. टाकी गुणगुणत होती, तिच्यावर ठेवलेला पेला थरथरत होता. चाचांनी तळहात जरा दाबला. मग आणखी दाबला.

"बंद केलीस का आत्ता?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणाले. आईनं पदर तोंडाला लावला.

त्यांनी तळहात उलटा करून पाहिला. मी त्या माणसाला कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं. मग हळूच, अगदी हळूच, त्यांनी डावा हात टाकीवर ठेवला. मला तेव्हा मशीन नको होती, रंग नको होता, काहीच नको होतं. फक्त त्या हाताला कळावं एवढंच हवं होतं.

"हाय," ते म्हणाले. "थोडं हाय."

मग त्यांनी शर्ट खाली ओढून नीट केला. "परीक्षा रद्द. मेलेल्या हातानं घेतली व्हती. तुम्हाला असं पास करणं हराम हाय. मी डाव्या हातानं बसतो खाली, तुम्ही परत लावा."

ते गेले. मी मशीन लावली आणि नुसती बघत राहिले. ते खाली हात लावून बसणार, त्यांना काही कळणार नाही, आणि मशीन चांगली की हात गेला हे त्यांना कधीच समजणार नाही. तसंच झुरत बसतील. मी ट्यूबवरचा तो कडप्पा दोन्ही हातांनी धरला आणि ढकलून भिंतीला टेकवला. सगळी भिंत गुरगुरायला लागली. आई म्हणाली, "अगं, काय करतेस? मशीन घालवशील." मी म्हणाले, "जाऊ दे."

पावलं वाजली. या वेळी ती धावत होती.

"कळलं," दारातूनच चाचा म्हणाले. ते धापा टाकत होते, डावा हात अजून समोर उघडा. "भिंतीला कळलं."

"हो चाचा," मी म्हणाले. माझे डोळे भरून आले होते. "उद्या काढते मशीन."

"थांब. पयलं काय न्हवतं. मग एकदम आलं, डाव्या बाजूनं, वरून." ते माझ्याकडे बघत होते. "कडप्पा भिंतीला लावलास तू. लांब बाजू न्हाय, कोपरा."

आम्ही तिघांनीही खाली पाहिलं. कडप्पा तिरका सरकला होता. त्याचा फक्त डावा कोपरा भिंतीला टेकला होता.

"ओढ ती मागं," ते म्हणाले. "चार बोटं."

दोघांनी मिळून ओढली. मग ते म्हणाले, चल, तुझा तो केशरी मार, मी इथंच हात लावून उभा राहतो. मी नवी केबिन घेतली, पिवळ्यावर वरून केशरी सोडत आले. धुकं उतरत गेलं. एका जागी केशरी होता, बोटभर खाली पिवळा होता, आणि मध्ये रेघ नव्हती. कुठेच नव्हती. मी वळून पाहिलं. चाचा डावा तळहात भिंतीला लावून, डोळे मिटून उभे होते. मी त्यांच्या खांद्याला हात लावला तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"चाचा, काही कळतंय?"

"न्हाय," ते म्हणाले. इतक्या आनंदानं 'न्हाय' म्हणणारा माणूस मी त्यानंतर पाहिला नाही.